माग कुठे मांडायचा?
(नगरमधल्या घरगुती कारखान्यांच्या जागांचा थोडा इतिहास)

तांबटकर गल्ली, मोची गल्ली, बुरूड गल्ली, कापड बाजार, डाळमंडई. आपण सावेडीत राहायला आलो आणि आपल्या पत्त्यात प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर आले, पण जुन्या नगरचा पत्ता हा धंद्यावरून सांगायचा. गल्लीचं नाव घेतलं की तिथे काय बनतं ते कळायचं, आणि जिथे बनतं तिथेच बनवणारा राहायचा. पुढे ओटीवर दुकान, मागे किंवा मधल्या घरात काम, वर माडी असेल तर संसार. "घर वेगळं आणि कामाची जागा वेगळी" ही रीत आपल्या शहरात फार जुनी नाही. कचेरी, लष्कर, रेल्वे आणि शाळा सोडल्या तर बहुतेकांचं काम घरातच होतं.

हे लिहायचं कारण स्पष्ट सांगतो. या वर्षीच्या वार्षिक सभेपुढे दोन सभासद भगिनींचे अर्ज आहेत. एकीला घरी आरी वर्कचे ब्लाउज करायचे आहेत आणि चार मुलींना शिकवायचंही आहे. दुसरीला कापडी पिशव्यांवर वारली रंगकाम करायचं आहे. दोघींनी विचारलंय की फ्लॅटमध्ये करू, का सोसायटीचा हॉल दुपारी मिळेल, का बाहेर गाळा बघू? त्यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे काही झालं ते सगळ्यांनी वाचलंय, इथे पुन्हा लिहीत नाही. मला एवढंच वाटलं की हाच प्रश्न या शहरात पाचशे वर्षं लोकांनी सोडवलाय. तो कसा सोडवला ते एकदा बघावं.

शहर वसलं १४९० साली. भिंगारजवळच्या लढाईत मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि सीना नदीच्या काठी, भिंगारच्या शेजारीच आपलं शहर उभं केलं. राजधानी म्हटली की दरबार आला, फौज आली, आणि त्यांच्या मागोमाग कापड, भांडी, जोडे बनवणारे आले. १८८४ सालच्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये नगरच्या लुगड्यांच्या विणकामाची माहिती बरीच सविस्तर आहे. शहर वसल्यानंतर लवकरच हा धंदा इथे आला असं मानलं जातं. पुढे त्यात पैसा दिसायला लागल्यावर जे जातीने विणकर नव्हते तेही मागावर बसले. ब्राह्मण, कुणबी, माळी सुद्धा! आपल्याकडे "ज्याचा धंदा त्याने करावा" असं म्हणायची सवय आहे, पण पोटापाण्याचा प्रश्न आला की नगरच्या माणसाने ती सवय बाजूला ठेवलेली दिसते.

आता जागेचं बघा. हातमागाला काय लागतं? आपल्या कल्पनेत येतो तो उभा लाकडी सांगाडा. जुना माग तसा नव्हता. तो जमिनीत होता. खोलीच्या एका कोपऱ्यात हात-दीड हात खोल खड्डा, विणकर त्याच्या काठावर बसणार, पाय खड्ड्यात, पायाखाली पावड्या. एक पावडी दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर, मधून धोटा इकडून तिकडे. याला खड्डा माग म्हणतात. छत ठेंगणं असलं तरी चालतं, कारण माग जमिनीलगत असतो. दुसरं म्हणजे सुती धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात ओठ फुटतात तिथे धाग्याची काय कथा! जमिनीलगतची, मातीच्या भिंतीआडची ओल त्या धाग्याला सांभाळायची. म्हणजे मातीचं, सारवलेलं, जरा अंधारं घर ही विणकराची नुसती गरिबी नव्हती, त्याच्या कामाला ते घर सोयीचं होतं. आज आपण सिमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर खड्डा माग मांडायचा म्हटलं तर खालच्यांच्या बैठकीत पाय लोंबतील!

पण माग ही त्या धंद्याची निम्मीच जागा. उरलेली निम्मी घराबाहेर होती. सुताला आधी खळ द्यावी लागते, नाहीतर ताणा टिकत नाही. त्याला पांजणी करणं म्हणत. कित्येक लुगड्यांच्या लांबीचा ताणा काठ्यांवर रस्त्यात ताणून धरायचा, त्याला खळ लावायची आणि कुंच्याने झाडत न्यायची. हे काम पहाटे, ऊन चढायच्या आणि वारा सुटायच्या आत. म्हणून विणकराला गल्ली लागायची ती सरळ, लांब आणि गाड्यांची वर्दळ नसलेली. आणि शेजारी असा लागायचा, की जो सकाळी दारातून बाहेर पडताना तुमच्या ताण्याला वळसा घालून जाईल. तो शेजारी बहुतेक विणकरच असायचा, त्याचाही ताणा उद्या तिथेच लागणार असायचा. एका धंद्याची माणसं एका गल्लीत का राहतात याचं उत्तर आपण जातीत शोधतो, आणि ते खोटं नाही. पण अर्धं उत्तर या ताण्यात आहे. सामायिक रस्ता वापरायचा तर सगळ्यांना त्याची गरज एकसारखी असावी लागते.

तांबटांचं तर आणखी सरळ आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नगर एकेकाळी नावाजलेलं होतं. पत्रा ठोकून हंडा घडवायचा म्हणजे दिवसभर ठणठणाट. जो ठोकत नाही त्याला त्या गल्लीत राहणं अशक्य, आणि जो ठोकतो त्याला शेजाऱ्याची तक्रार नाही. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथेही तेच. आवाजाचा धंदा आवाजाच्या माणसांत जाऊन बसतो. यासाठी ठराव करावा लागला नव्हता.

पाणी हा तिसरा मुद्दा. रंगारी, कातडं कमावणारे, विणकर सगळ्यांना पाणी हवं. नगरला निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा भागांतून खापरनळांनी पाणी आणलं होतं, ते हौदांत सोडलेलं असायचं. उंचावरून उताराने येणारं पाणी, मोटर नाही, टँकर नाही. आपल्या सोसायटीने पहिली सात-आठ वर्षं टँकरवर काढली. तेव्हाच्या बादल्यांच्या रांगा ज्यांना आठवतात त्यांना हौद जवळ असण्याची किंमत सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात या सगळ्याला दोन मोठे धक्के बसले. गिरणीचं सूत आलं, आणि १८७८ साली दौंड–मनमाड रेल्वे सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षांत, १८७६-७७ चा दुष्काळ. लोक म्हणतात रेल्वेने हातमाग मारला. नगरपुरतं ते तितकं खरं नाही. मुंबईच्या गिरण्यांचं सूत स्वस्तात दारात आलं, त्यामुळे घरी सूत कातण्याचं काम गेलं, पण विणणं टिकलं. लुगड्याला रंगीत काठ हवा, पदर हवा, नऊ वारांची लांबी हवी. ते काम गिरणीला बराच काळ जमलं नाही. मात्र आता विणकराला सूत देणारा आणि लुगडं घेणारा सावकार महत्त्वाचा झाला. जागेची निवड आता पाण्यावरून आणि गल्लीच्या लांबीवरून सरकून कापड बाजारापासून किती पावलांवर घर आहे यावर आली. सूत उचलून आणायचं, लुगडं नेऊन द्यायचं, त्याच पैशातून बाजार करून परत. आज ज्याला आपण 'मार्केट जवळ' म्हणतो ते हेच.

याच काळात आणि पुढेही तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, पद्मशाली विणकर कुटुंबं पश्चिमेकडे आली. सोलापूर, नगर, पुणे, भिवंडी. नगरमध्ये तोफखाना आणि गांधी मैदानाच्या आसपास त्यांची वस्ती झाली. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, कुलपुरुष मार्कंडेय. या लोकांनी घर घेताना आधी माग बसतो का ते बघितलं, मग चूल कुठे ते ठरवलं असं जुनी माणसं सांगत. चौकशी केली तर अजूनही काही घरांत बुजवलेल्या खड्ड्याची खूण फरशीखाली आहे म्हणतात. मी स्वतः पाहिलेली नाही. पण अशा घराचा हिशोब मांडून बघण्यासारखा आहे. पुरुष मागावर, बायको आणि थोरली मुलगी कांड्या भरताहेत, म्हातारी सूत उकलते आहे. सूत मागावर चढण्याआधी तीन टप्प्यांतून जातं आणि त्यात बायका-मुलांचे हात गुंतलेले असतात, हे इंग्रजांच्या गॅझेटिअरनेही नोंदवलंय. 'विणकर' म्हणून नाव एकाचं, पण काम घरातल्या पाच जणांचं. घर हाच कारखाना होता म्हणूनच ते पाच जण कामात येऊ शकले. कारखाना दुसरीकडे असता तर कमावता एकच उरला असता.

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचे अभियंता होते. त्यांनी हातमाग सुधारायचं मनावर घेतलं आणि बऱ्याच वेगाने चालणारा माग तयार केला. 'चर्चिल माग' म्हणून तो हिंदुस्थानभर माहीत झाला. म्हणजे बघा, अमेरिकेतला शिकलेला इंजिनिअर आपल्या नगरमध्ये बसून माग बनवत होता. पण नगरच्या घराघरांत चर्चिल माग काही मांडला गेला नाही. त्या मानाने दोरीला झटका देऊन धोटा पळवायची साधी युक्ती, जी इंग्लंडात जॉन के याने १७३३ मध्ये काढली होती, ती विणकरांनी उचलली. का? मला विचाराल तर झटका धोटा जुन्याच खड्ड्यावर बसवता येत होता. नवा माग घ्यायचा तर पैसा हवा, आणि जागा नव्याने करायला हवी. यंत्र कितीही चांगलं असो, ते घरात मावलं पाहिजे. आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर ट्रेडमिल चढवताना जिन्याचा कठडा काढावा लागला होता, तो प्रसंग आठवा.

फ्रान्समध्ये याच्या बरोब्बर उलटं झालं. ल्यों शहरात रेशीम विणणाऱ्यांनी जाकार पद्धतीचे उंच माग घेतले, तेव्हा क्रुआ-रुस नावाच्या टेकडीवर त्यांच्यासाठी जवळजवळ चार मीटर उंचीच्या छताची, भल्या मोठ्या खिडक्यांची घरं बांधली गेली. मागासाठी घर उंच केलं. घरमालकांनी भाडंही तसंच लावलं. आज त्या उंच खोल्यांत श्रीमंत लोक हौसेने राहतात. आपल्याकडे मात्र घराला साजेल तेवढाच माग, ही रीत राहिली.

मग वीज आली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या गावाचं नशीब बदललं. यंत्रमागाची जागा मात्र वेगळी. त्याला पक्की जमीन हवी, वायरिंग हवं, आणि त्याचा खडखडाट रात्रंदिवस. घराच्या मधल्या खोलीत तो चालवणारेही होते, पण मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्यांची झोप दोन्ही गेली. नगरच्या हातमागाला त्याहून मोठा मार बायकांच्या साडीनेच दिला असं माझं मत आहे. नऊवारी जाऊन पाचवारी आली, त्यातही सिंथेटिक आली. ज्या लुगड्यावर इथले माग चालत होते ते लुगडं नेसणारी पिढीच संपत गेली.

घरातला कारखाना मात्र संपला नाही, त्याचं रूप बदललं. मागाचा आवाज बंद झाला तिथे विड्या वळणाऱ्या बायका दिसायला लागल्या. हा भाग मी मुद्दाम लिहितो, कारण 'घरबसल्या उद्योग' म्हटलं की आपल्याला सगळं गोडच दिसतं. विडीला जागा जवळजवळ काहीच लागत नाही. एक सूप, एक कात्री, भिजवलेलं तेंदूपान, तंबाखू आणि दारातला उजेड. म्हणूनच तो धंदा इतक्या सहज घरात शिरला. मालकाने शेड बांधायची नाही, दिवा लावायचा नाही, पाणी द्यायचं नाही. उंबऱ्याची जागा बाईची, उजेड तिचा, तंबाखूची धूळ तिच्या मुलांच्या श्वासात. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला. त्यात कामाच्या जागेविषयी जे नियम होते त्यातून राहतं घर वगळलेलं होतं. घरी विड्या वळणारी बाई कामगार म्हणून मोजली जायची, पण तिचं घर 'कारखाना' म्हणून मोजलं जात नव्हतं. लाल बावट्याच्या युनियनने तिच्यासाठी मजुरी, फंड, दवाखाना यांसाठी भांडणं केली. जागेचं भाडं मात्र तिला कुणी कधी दिलं नाही.

तेव्हा विणकराचं घर आणि विडीवालीचं घर, दोन्ही घरगुतीच. फरक असा की एकाने स्वतःच्या कामासाठी घर निवडलं, आणि दुसरीच्या घरात दुसऱ्याने आपला धंदा आणून ठेवला. आपल्या दोघी भगिनींचं काम पहिल्या जातीचं आहे. स्वतःचं कसब, स्वतःचं गिऱ्हाईक.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. आपली नोंदणी झाली तेव्हा नगरला महापालिकाही नव्हती, ती २००३ साली झाली. तेव्हाच्या आपल्या कागदांत 'निवासी वापर' असं लिहिलंय आणि त्या दोन शब्दांवर ग्रुपवर बराच काथ्याकूट झाला. काहींनी लिहिलं की घरात एक सुई चालवली तरी नियम मोडतो. तसं नाही. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्यात घरगुती व्यवसायाची व्याख्याच दिली आहे. घरातल्याच माणसाने करावा, पगारी माणूस ठेवू नये, बाहेरून पाटी दिसू नये, घरात बनलेल्या वस्तूंपलीकडे विक्री करू नये, धोक्याचं काही नसावं आणि घरात एरवी जी यंत्रं वापरतो त्यापलीकडची यंत्रं नसावीत. शिलाई मशीन यात बसतं. वारलीचे रंग बसतात. मोठं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन बसेल असं वाटत नाही. उपविधींमध्ये शेजाऱ्यांना उपद्रव, त्रास, गैरसोय होऊ नये हे आहेच.

विजेचीही एक भीती घातली गेली, की मीटर लगेच कमर्शियल होतो. महावितरणच्या गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत असं आहे की राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय केला आणि महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत, आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. दोघींनी आपापली बिलं काढून बघावीत. एसी लावून वारली काढायची नसेल तर काळजीचं कारण दिसत नाही.

खरी अडचण शिकवण्याची आहे, आणि ती मी मान्य करतो. चार मुली रोज दुपारी जिना चढणार, चार स्कूटी पार्किंगमध्ये लागणार, दुपारी ज्यांना पडायचं असतं त्यांच्या दाराशी बोलणं होणार. ही आजची 'पांजणी' आहे. कामाचा जो भाग घरात मावत नाही आणि सामायिक जागेत येतो, भांडण नेहमी त्याच्यावरून होतं, घरात काय चाललंय यावरून फारसं होत नाही. जुन्या गल्लीत ती जागा वापरण्याची वेळ ठरलेली होती, पहाटे, ऊन चढायच्या आत. ऊन चढलं की ताणा गुंडाळायचा, रस्ता मोकळा. आपल्याकडे तशी वेळ कुणी ठरवूनच दिलेली नाही, त्यामुळे एकाला वाटतं कधीच नको आणि दुसऱ्याला वाटतं केव्हाही चालेल.

गेल्या वर्षीचं उदाहरण ताजं आहे. आपल्याच एका सभासद ताईंनी तक्रारी नकोत म्हणून बाहेर गाळा घेतला होता. भाडं, डिपॉझिट, येण्याजाण्यात दोन तास, संध्याकाळी सासूबाईंना एकटं ठेवायचं नाही म्हणून पाचलाच शटर खाली. आठ महिन्यांत त्यांनी मशीन विकलं. त्यांच्या कामात काही कमी नव्हतं, माझ्या नातीच्या लग्नातले तीन ब्लाउज त्यांनीच केले होते. गाळा बाजारात होता, पण ताईंचा दिवस घरात अडकलेला होता, आणि ते दोन्ही जुळेना.

म्हणून सभेपुढे माझं म्हणणं असं आहे. रंगकाम आणि सुईकाम आपापल्या घरात चालू द्यावं, त्याला कुणाची परवानगी लागते असं मी मानत नाही. शिकवण्यासाठी तळमजल्यावरचा हॉल सोमवार ते शुक्रवार दुपारी तीन ते पाच द्यावा. त्या वेळात तिथे काही नसतं, भजनी मंडळ गुरुवारी सहाला येतं. हॉलच्या उत्तरेच्या दोन खिडक्यांवर जुन्या निवडणुकीचे बॅनर लावून ठेवलेत ते काढले तर सुईच्या कामाला हवा तसा सावलीचा उजेड मिळतो. भाडं विजेच्या खर्चाइतकं घ्यावं. स्कूटी मागच्या गेटने आत आणाव्यात, पुढच्या गेटपाशी दोन नंबर आणि पाच नंबरच्या गाड्या असतात. पाचला हॉल झाडून किल्ली वॉचमनकडे. सहा महिने बघावं आणि मार्चच्या बैठकीत पुन्हा विषय घ्यावा. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही सभेला यावं, नुसता अंगठा खाली दाखवून चालायचं नाही. सभा २१ तारखेला, रविवारी सकाळी दहा वाजता, त्याच हॉलमध्ये आहे.